पंचमीला न चिरलेली बिस्कोटी

बिस्कोटी दोनदा भाजावी लागते. हे आधीच सांगून टाकते, कारण एवढं ठाऊक नसलं तर माझं पुढचं रडगाणं कुणाला कळायचं नाही. मैदा, पिठीसाखर, लोणी, किसलेली लिंबाची साल आणि अख्खे बदाम एकत्र मळायचे, त्याचा हातभर लांब, जरा चपटा लोड वळायचा आणि तो आधी अख्खाच्या अख्खा भाजायचा. ओव्हनमधून काढला की दहा मिनिटं थांबायचं आणि गरम आहे तोवर दाते असलेल्या सुरीनं त्याचे बोटभर जाडीचे काप पाडायचे. मग ते काप आडवे मांडून पुन्हा भाजायचे, चांगले खुटखुटीत होईपर्यंत. एकदाच भाजून सोडला तर तो लोड धड केक नाही, धड बिस्कीट नाही. आपल्याकडच्या टोस्टची ही परदेशातली मावसबहीण, एवढं समजलं तरी पुरे.

आमच्या घरात अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. त्यामुळे मी अंड्याच्या जागी घट्ट दही आणि म्हशीच्या दुधाची साय घालते. चव बिघडत नाही, पण एक खोड राहते. अंड्याची चिकटाई नसल्यानं लोड गार झाला की सुरी लावताच त्याचा भुगा होतो. तेव्हा चिरायचा तो गरम असतानाच, तिथं हयगय चालत नाही.

माझं माहेर सोलापूरचं. बारावीनंतर मी बेकरीचा एक वर्षाचा कोर्स केला आणि दोन वर्षं एका बेकरीत नोकरी केली. पहाटे उठून जायचे, दुपारी पीठ लागलेल्या हातांनी घरी यायचे आणि स्वतःला फार मोठी समजायचे. मालकीणबाई कडक होत्या, पण बिस्कोटी त्यांनीच हाताला धरून शिकवली. मग लग्न ठरलं आणि बारा वर्षांपूर्वी मी माकणीजवळच्या ह्या गावात आले. आहेरात मालकीणबाईंनी छोटा ओव्हन दिला होता. तो पहिली दहा-अकरा वर्षं देवघराशेजारी कोनाड्यात बसून होता, त्याच्यावर विणलेला रुमाल आणि रुमालावर प्लॅस्टिकची फुलं. पाहुण्यांना वाटायचं, टीव्ही आहे.

घरात आम्ही तिघं-चौघं. माझे मालक अणदूरला शाळेत शिक्षक आहेत, तिथंच खोली करून राहतात आणि शनिवारी घरी येतात. मुलगी चौथीनंतर निवासी शाळेत गेली. राहिलो सासूबाई, मी आणि म्हैस. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडं तशीच रीत आहे. त्या माझ्या सख्ख्या आत्या नाहीत आणि बरीच वर्षं मला वाटायचं की तेच बरं आहे.

म्हशीचं वेगळंच. ती कुणाच्याही हाताला पान्हा सोडत नाही, फक्त माझ्या. आत्यांनी बसून पाहिलं, शेजारच्या काकूंनी पाहिलं, मालकांनी तर एकदा लाथही खाल्ली. ह्या घरात मला एवढा मान दुसऱ्या कुणी दिलेला नाही आणि ह्या मानापायी सकाळी पाच आणि संध्याकाळी सहा ह्या वेळा माझ्या गळ्यात कायमच्या पडल्या. बहिणीच्या मंगळागौरीला मी गेले नाही, मैत्रिणीच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गेले नाही. कुणी बोलावलं की माझ्याआधी आत्याच म्हणायच्या, "तिला कुठं जमतंय? म्हैस हाय की." ते ऐकलं की माझं डोकं फिरायचं. नाही म्हणायचं होतं तर मीच म्हणाले असते, माझ्या नावानं परस्पर नकार कशाला द्यायचा?

उघड अडवणूक मात्र कुणीच करायचं नाही. तीच तर गोम होती. मालकांना विचारलं तर म्हणायचे, "माझं काही नाही, आईला विचार." आत्यांना विचारलं तर त्या धुण्याकडं किंवा भिंतीकडं बघत म्हणायच्या, "मला काय? तुझं तू बघ." ह्या "तुझं तू बघ"चा अर्थ मी बारा वर्षं एकच लावत आले. माहेरी आई असं म्हणायची तेव्हा त्याचा अर्थ 'करून तर बघ, मग दाखवते' असा असायचा. भांडायला समोर माणूस लागतं. इथं समोर कुणी उभंच राहायचं नाही आणि मी जागच्या जागी अडकलेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मुलगी गेल्यावर मी ओव्हनवरची फुलं काढली. परसात कागदी लिंबाचं झाड आहे, बारमाही धरतं. जायफळाच्या किसणीवर लिंबाची नुसती पिवळी साल हलक्या हातानं किसायची, खालचं पांढरं लागलं की कडू. त्या वासानं मला सोलापूरची ती पहाट आठवायची आणि मग भर दुपारी स्वयंपाकघरात उगाच रडू यायचं. केलेली बिस्कोटी मुलीच्या शाळेत जायची, मालकांच्या शाळेत जायची. शिक्षक लोक चहात बुडवून खायचे आणि "वहिनींचा टोस्ट फर्मास" असा निरोप यायचा. टोस्ट! आत्याही टोस्टच म्हणायच्या. मी चारदा सुधारलं, पाचव्यांदा सोडून दिलं.

त्या श्रावणाच्या आधी मालकांनीच कुठून तरी बातमी आणली की जिल्ह्याच्या गावी एक संस्था बायकांसाठी बेकरीचा वर्ग सुरू करते आहे आणि शिकवायला कुणी तरी हवं आहे. आठवड्यातून तीन दिवस, अकरा ते तीन. मी हिशेब घातला. सकाळची धार काढून साडेसातची गाडी, संध्याकाळच्या धारेपर्यंत परत. म्हशीच्या दोन वेळांच्या मधोमध माझी नोकरी बरोबर बसत होती. मी अर्ज पाठवला आणि कुणाला न सांगता रोज रात्री देवाला सांगत राहिले. मला त्या पगाराचं एवढं काही नव्हतं. मला आठवड्यातून तीन दिवस सकाळी साडेसातला केसांत पीन खोचून त्या दारातून बाहेर पडायचं होतं.

फोन आला तो नागपंचमीच्या आदल्या दिवशी, दुपारी बाराला. आदल्या दिवशी आमच्याकडं भावाचा उपास असतो. मी उपाशी, शेंगदाण्याचे लाडू वळत होते. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "परवा अकरा वाजता भेटायला या. घरी केलेला काही तरी नमुना आणा, टिकणारा. काय आणाल?"

आणि माझ्या तोंडून गेलं, "लिंबू-बदामाची बिस्कोटी."

"अरे वा," बाई म्हणाल्या. "ती कुणी करत नाही इकडं. आणाच."

नानकटाई म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? पण मला फुशारकी मारायची होती. फोन ठेवला आणि मग डोक्यात उजेड पडला. परवा भेट, म्हणजे मधला दिवस पंचमीचा. पंचमीला आमच्याकडं चिरायचं नाही, भाजायचं नाही, तळायचं नाही. विळी आदल्या रात्रीच फडक्यात गुंडाळून ठेवतात, तवा पालथा घालतात. शेतात नांगर नाही, घरात सुरी नाही. नागाला इजा होते आणि ती भावाला भोवते, अशी समजूत. त्या दिवशी सगळं उकडून खायचं, पुरणाची दिंडं नि कानवले. आणि बिस्कोटी म्हणजे काय, तर भाजा, चिरा आणि परत भाजा.

तरी घाबरण्यासारखं काही नव्हतं. आजची संध्याकाळ होती. चार वाजता पीठ मळायला घेतलं. आत्या उंबऱ्याशी लाह्या पाखडत होत्या. मी सांगितलं, परवा उस्मानाबादला भेटीला जायचंय. गाडीच्या पाटीवर आता धाराशिव लिहितात, पण आत्यांशी बोलताना उस्मानाबादच म्हणावं लागतं. त्यांनी सूप थांबवलं, माझ्या हातातल्या पिठाकडं बघितलं.

"रोज जावं लागंल व्हय?"

"तीनच दिवस. संध्याकाळी धारेला घरी."

"मला काय," त्या म्हणाल्या. "तुझं तू बघ." आणि सूप पुन्हा सुरू झालं.

लाईट नव्हती. ती साडेसहाला आली. मी धार टाकून पळत आत आले, ओव्हन तापवला, लोड आत सरकवला. वीस मिनिटं झाली, घरभर लिंबाचा वास सुटला, लोडाला वरून भेगा पडायला लागल्या आणि खट्ट. लाईट गेली. अजून दहा-बारा मिनिटं हवी होती. मी ओव्हनचं दार न उघडता त्याच्यासमोर पाटावर बसून राहिले. आतली धग पुरेल, आत्ता येईल, दहा मिनिटांत येईल. कुकरात मीठ घालून भाजायचंही मनात आलं, पण हातभर लोड कुकरात मावणार नव्हता आणि अर्धाकच्चा तोडला तर सगळाच बसला असता. शेवटी ओव्हन गार झाला. लोड बाहेरून शेकलेला, आतून ओला. लाईट आली ती सकाळी आठ वाजता. पंचमीच्या.

आत्या न्हाऊन, नवी चोळी घालून तयार होत्या. दूध, लाह्या, हळदीकुंकू असं ताटात भरलेलं. गल्लीतल्या बायका त्यांना बोलवायला आल्या. दरवर्षी मीही जाते. वारूळ ओढ्याच्या पलीकडं आहे, जाऊन-येऊन, पूजा करून, फेर धरून तासाभराचं काम. मी डोक्यावर पदर घ्यायला लागले तशा आत्या म्हणाल्या, "तू नगं येऊ."

"का?"

"म्हशीला कोण बघंल? घरीच बस. आन् दार वढून घे, कुत्रं शिरतंय."

मला असा राग आला! सणाच्या दिवशीसुद्धा म्हैस. चार बायकांत मिसळायचं तेवढं एक वर्षाकाठी, तेही नाही. त्यांच्या चपलांचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला आणि मी दार एवढ्या जोरात ओढलं की कडी आपोआप पडली.

मग घरात मी, लाईट आणि तो लोड.

लाईट म्हणजे, एरवी दिवसातून सहादा जाते. त्या दिवशी मेली एकदाही गेली नाही. ओव्हनचा तांबडा दिवा लावून पाहिला, लागला. माझी दातेरी सुरी ट्रंकेत होती, बेकरीतली, ती काढून आणली. विळी बांधलेली होती, पण ह्या सुरीला कुणी फडकं गुंडाळलं नव्हतं, घरातल्या कुणाला ती सुरी वाटतच नव्हती. पंधरा मिनिटं लोड भाजायचा, दहा मिनिटं थांबायचं, पाच मिनिटांत चिरायचा, अर्धा तास परत ओव्हन. तासात खेळ खलास. दार बंद. खिडकीला पडदा. वास येईल म्हणावं तर वास कालचाच घरात भरून होता. कोण येतंय बघायला?

मी शिकलेली आहे. नागाला कान नसतात, तो दूध पीत नाही, हे मी मुलीला पुस्तकातून वाचून दाखवलेलं आहे. भावाचं नशीब माझ्या सुरीला बांधलेलं नाही, हेही मला कळतं. तरी एक सांगायला हवं. दहा वर्षांची असताना पंचमीलाच मी एक पेरू चिरला होता. भूक लागली होती, आई वारुळाला गेली होती, पेरू दातानं फुटेना. त्याच संध्याकाळी भाऊ पंचमीच्या झोक्यावरून पडला आणि त्याचं कोपर मोडलं. झोका उंच चढवला की पोरं पडतातच, दरवर्षी कुणी तरी पडायचं. पण आईला चुलीमागं पेरूच्या फोडी सापडल्या. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. भाऊ आता सोलापुरात टेम्पो चालवतो, मजेत आहे, पण त्याचा तो हात पुरता सरळ होत नाही. बिल देताना हात पुढं केला की तेवढं दिसतं.

सकाळीच त्याचा फोन येऊन गेला होता. "उपास सोडला का गं? काय करायलीस?" मी म्हणाले, काही नाही, दिंडं करायलेय.

मी ओव्हन तापवला. हो, तापवला. लोड ताटात घेतला, ओव्हनच्या दारापर्यंत नेला आणि थांबले. मग ताट ओट्यावर ठेवलं. ओव्हन बंद केला. परत लावला. असं मी किती वेळा केलं मला आठवत नाही. मध्येच वाटलं, भाजायचं तेवढं भाजून घ्यावं, चिरणं रात्री. पण भाजणंही मोडण्यातच आलं की! आणि गार झाल्यावर चिरता येणार नव्हताच. मध्येच वाटलं, आत्या येतील. कान दाराकडं लावून बसले. दहाचे अकरा झाले. गल्लीतल्या बायका बोलत परत आल्या, त्यांत आत्यांचा आवाज नव्हता. शेजारच्या काकूंनी बाहेरूनच ओरडून सांगितलं, "तुझी सासू बसलीया वारुळापाशी. पाय चालंनात म्हणतीया, जरा टेकते म्हणली. तुमी व्हा म्होरं म्हणली."

शहाणी बाई असती तर म्हणाली असती, चला, आणखी तासभर मिळाला. मी काय केलं? मी सुरी हातात घेऊन आत्यांवर चिडत बसले. आता ह्यांना आणायला जावं लागणार का? गुडघे दुखतात तर एवढ्या लांब जायचंच कशाला? ह्या घरात मला एक दिवस धड मिळत नाही. गंमत अशी की त्या क्षणी मला अख्खं रिकामं घर मिळालेलं होतं. एक वाजेपर्यंत मिळालेलं होतं. पण मला ते दिसत नव्हतं, मला फक्त पाय दुखणारी सासू दिसत होती आणि ओव्हनचा तांबडा दिवा.

सुरी एकदा लोडावर टेकवली, हे खरं आहे. तेवढ्यात भावाचं कोपर डोळ्यांपुढं आलं आणि मी सुरी उचलली. हातच चालेना. मला कुणी धरलेलं नव्हतं.

एक वाजता आत्या हळूहळू चालत आल्या. मी कडी काढली. त्या पाय न धुताच आधी स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या, ओव्हनकडं बघितलं, ओट्यावरच्या ताटाकडं बघितलं.

"तसाच हाय व्हय?" त्या म्हणाल्या.

मी फाडकन बोलले, "मग काय करू? पंचमी आहे ना तुमची!"

त्या पाय धुवायला गेल्या, बराच वेळ पाणी ओतत राहिल्या.

मी मनाशी ठरवलं, सूर्य मावळला की पंचमी संपली. शास्त्रात काय असेल ते असो, माझ्यापुरती संपली. दिवेलागणीला धार काढून आत आले, देवापुढं दिवा लावला आणि ओव्हनच्या बटणाला हात लावला तर लाईट गेली. घ्या! दिवसभर नांदली आणि माझ्या वेळेला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघेपर्यंत ती आली नाही. निघताना मी बांधलेल्या विळीचं फडकं सोडलं, लोड तसाच चिरून बघू म्हटलं. पहिल्या कापाचा भुगा झाला, बदाम टणकन उडून मोरीत गेला. उरलेला लोड पांढऱ्या पंच्यात गुंडाळला, सुरी पिशवीत घातली आणि साडेसातची गाडी धरली.

गाडीत खिडकीची जागा मिळाली. केसांत पीन खोचलेली होती. लोहारा मागं पडलं, सोयाबीन दोन्ही बाजूंनी हिरवंगार होतं आणि दोन तास मला खरोखर वाटत होतं की काही तरी होईल, मी बोलून वेळ मारून नेईन, त्या बाई हुशार असतील, त्यांना वासावरून कळेल.

त्या हुशार होत्याच. खोलीत त्या आणि संस्थेचे एक वयस्कर गृहस्थ होते. मी पंचा उलगडला. दोघांनी त्या लोडाकडं पाहिलं.

"कापलेली नाही?" बाई म्हणाल्या.

त्यांनी माझीच सुरी घेतली आणि मधोमध लोड कापला. आत फिकट, ओलसर पट्टा होता, बोटाला चिकटणारा. त्यांनी कडेचा भाजलेला तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "लिंबाचा वास सुंदर उतरलाय," त्या म्हणाल्या. "कडेची चव फार छान आहे. पण ही बिस्कोटी नाही ना झालेली? ही एकदाच भाजली, तीही अर्धी."

मी सांगितलं. परवा लाईट गेली आणि काल पंचमी होती.

त्या हसल्या, पण वाईट हसल्या नाहीत. "आमच्याकडंही पाळतात. माझी आई अजून विळी बांधून ठेवते. पण मला एक सांगा, वर्गात वीस बायका असतील. कुणाचा उपास, कुणाची पंचमी, कुणाची सासू. ऑर्डर तर दुसऱ्या दिवशी द्यायची आहे. तुम्ही त्यांना काय सांगाल?"

मला उत्तर माहीत होतं. तुम्हालाही माहीत असेल. त्या प्रश्नाच्या तोंडावर ते उत्तर लिहिलेलं होतं. आणि मी म्हणाले, "सुट्टी देईन."

गृहस्थ मोठ्यानं हसले. बाईंनी मान खाली घालून कागदावर काही तरी लिहिलं. बाहेर आणखी एक मुलगी बसली होती, तिच्या डब्यात नानकटाई होती. अर्ध्या तासानं आम्हां दोघींना तिथंच सांगितलं की तिला घेतलं. ती मला म्हणाली, "ताई, तुमच्या पिशवीला काय भारी वास येतोय." मी तिला लोडाचा कडेचा तुकडा दिला. दुसरं काय करणार होते?

परतीची गाडी भरलेली होती, उभ्यानं आले. संध्याकाळच्या धारेच्या आत घरी पोचले, म्हणजे माझा हिशेब तेवढा बरोबर होता. आत्या ओसरीवर खांबाला टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या. गुडघ्यांना काही तरी चोपडलेलं होतं.

"घेतलं का?"

"नाही."

"का गं?"

"कच्ची होती. चिरलेली नव्हती."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. आत्या कुणाकडं सहसा सरळ बघत नाहीत, भिंतीकडं बघून बोलतात. त्या दिवशी सरळ बघितलं. मग म्हणाल्या, "आन् म्या कशापायी बसले व्हते गं तितं? तीन तास. उनात. सगळ्या बाया गेल्या, एकटीच वारुळाकडं तोंड करून बसले. म्हणलं पोरगी घेईल तेवढ्यात करून. म्या बघितलं न्हाय म्हंजी झालं. दार वढून घे म्हणलं व्हतं का न्हाय तुला?"

मी पिशवी खाली ठेवली. पायातली चप्पलही काढली नव्हती. मला आधी काही समजलंच नाही आणि मग सगळं एकदम समजलं, ते ओढून घ्यायला सांगितलेलं दार, तो रिकामा दिवस, ते "घरीच बस". बारा वर्षं जिच्या प्रत्येक शब्दाचा मी वाकडा अर्थ लावला ती बाई माझ्यासाठी सुजलेले गुडघे घेऊन वारुळापाशी बसली होती आणि मी इकडं दाराला कडी घालून तिलाच शिव्या घालत होते. लाज वाटली. आणि लाजेपेक्षा जास्त राग आला, तिचा, माझा, सगळ्याचाच. ओरडलेच मी.

"मग तोंडानं सांगायचं ना! चिर म्हणून एकदा सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

आत्यांनी पाय जवळ ओढून घेतले. पुन्हा भिंतीकडं बघायला लागल्या.

"तोंडानं कसं सांगू?" त्या म्हणाल्या. "म्याबी ह्या घरची सूनच हाय की."